रैनेब्रिंगेन: चढ दीड तासाचा, मुक्काम मात्र तीन रात्रींचा ठेवा

नॉर्वेच्या लोफोतेन बेटांचा म्हणून जो फोटो सगळीकडे दिसतो, खाली निळंहिरवं पाणी, त्यात विखुरलेली बेटं, बेटांना जोडणारे पूल आणि मागे सरळसोट सुळके, तो बहुतेक वेळा रैनेब्रिंगेनच्या माथ्यावरून काढलेला असतो. डोंगराची उंची ४४८ मीटर. सह्याद्रीत फिरलेल्याला हा आकडा किरकोळ वाटेल. पण वाट जवळजवळ समुद्रसपाटीपासूनच सुरू होते, मध्ये पठार नाही की दम खायला माची नाही. चढ सुरू झाला की थेट धारेवर जाऊनच थांबतो. आम्ही जूनच्या पहिल्या पंधरवड्यात गेलो होतो: मी, बायको आणि सत्तरीला टेकलेली आई. आईचे गुडघे बघता ती वर येणार नाही हे आधीच ठरलं होतं, त्यामुळे खाली राहणाऱ्या माणसाचा दिवस कसा जाईल याचाही विचार करून आखणी केली होती. पुढे जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट ठासून सांगतो. मुख्य भूमीवरच्या बूडो शहरातून सकाळच्या बोटीने यायचं, डोंगर चढायचा, फोटो काढायचा आणि संध्याकाळी पुढच्या गावाला निघायचं, असा बेत करू नका. इथे समुद्रावरून ढग येतात आणि तीनशे मीटरच्या वरचं सगळं गिळून टाकतात. खाली गावात ऊन असतं आणि माथा तासन्‌तास दिसत नाही. आम्ही पोचलो त्या दिवशी नखशिखांत भिजून उतरलेली मंडळी बसथांब्यावर भेटली. वर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसलं नाही म्हणाली, आणि त्यांची बोट दोन तासांनी होती. पायथ्याच्या रैने गावात किमान तीन रात्री ठेवा, तिन्ही दिवस बॅग भरलेली ठेवा, आणि आकाश उघडेल तेव्हा निघा. उरलेल्या वेळात काय करायचं ही चिंता नको. हा परिसर डोंगराइतकाच मोलाचा आहे, आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात डोंगरापेक्षा परिसरच जास्त राहिला आहे.

रैने हे गाव मोस्केनेसोय बेटावर आहे. लोफोतेन द्वीपमाला आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला, साधारण ६८ अक्षांशावर. मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत इथे सूर्य मावळत नाही. इतक्या उत्तरेला असूनही अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे हिवाळ्यात तापमान शून्याच्या आसपासच राहतं. पण उन्हाळाही तितकाच बेताचा असतो, जुलैत बारा-तेरा अंश म्हणजे बरा दिवस. आपल्या जानेवारीतल्या महाबळेश्वरचे कपडे न्या आणि वर वारा अडवणारं, पाऊस झेलणारं जाकीट न्या. अंगाला लागून लोकरीचा पातळ थर हवा. सुती टीशर्ट घामाने भिजला की वाऱ्यात अंग काकडतं.

पोचायचे रस्ते तीन. ऑस्लोहून विमानाने बूडो साधारण दीड तास. रेल्वेची आवड असेल तर त्रोंधाइमहून बूडोपर्यंत ७२९ किलोमीटरची नूरलान लोहमार्गाची गाडी आहे, दहा तास लागतात आणि वाटेत साल्टफ्येलच्या उघड्या माळावर आर्क्टिक वृत्त ओलांडलं जातं. बूडोहून मोस्केनेसला गाड्या नेणारी मोठी बोट असते, वेस्टफ्योर्ड हा मधला समुद्र ओलांडायला साडेतीन तासांच्या आसपास वेळ लागतो. वेळापत्रक नीट वाचा: काही फेऱ्या थेट जातात, काही रोस्त आणि वेरोय या बेटांना वळसा घालून जातात आणि त्यांना दुपटीपेक्षाही जास्त वेळ लागू शकतो. गाडी नेणार असाल तर उन्हाळ्यात आगाऊ आरक्षण करा. बोट लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी घ्यावी, वेस्टफ्योर्ड उसळला की चालणं मुश्कील होतं. मोस्केनेसचा धक्का रैनेपासून पाचेक किलोमीटरवर आहे. दुसरा मार्ग लेकनेसच्या छोट्या विमानतळाचा, तिथून रैने तासाभराच्या अंतरावर. तिसरा म्हणजे मुख्य भूमीवरून ई-१० रस्त्याने गाडी हाकत यायचं. २००७ मध्ये नवा जोडरस्ता झाल्यापासून वाटेत बोट लागत नाही. याच रस्त्याला सगळी गावं ओवलेली आहेत आणि रैनेच्या पुढे दहा किलोमीटरवर ऑ या गावात तो संपतो. लेकनेस ते ऑ बसही आहे, पण फेऱ्या मोजक्या, आणि रविवारी तर फारच कमी.

आता डोंगर. जुनी वाट म्हणजे घसारा आणि चिखल. फोटोंमुळे गर्दी वाढली, हजारो बुटांनी माती सुटली, वरच्या माणसाच्या पायाखालचा दगड खालच्याच्या अंगावर यायला लागला. अपघात झाले, माणसं दगावली, आणि एक काळ असा होता की इथे जाऊ नका असंच सांगितलं जायचं. २०१६ मध्ये पायऱ्यांचं काम सुरू झालं आणि ते करायला माणसं आली नेपाळमधून. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या भागातले शेर्पा गेली वीसेक वर्षं उन्हाळ्यात नॉर्वेत येऊन डोंगरवाटा बांधताहेत. बर्गनच्या उलरिकेनवरच्या, त्रोम्सोच्या केबलकारच्या डोंगरावरच्या दगडी पायऱ्याही त्यांच्याच. रैनेब्रिंगेनवर हेलिकॉप्टरने दगड उतरवले आणि पुढच्या काही उन्हाळ्यांत पायरीवर पायरी चढत गेली. आज सांगितला जाणारा आकडा १,९७८ पायऱ्यांचा आहे.

एका पायरीशी मुद्दाम बसून पाहिलं. सिमेंट कुठेच नाही. खालच्या दगडाच्या मागच्या कडेवर वरच्या दगडाची पुढची कड टेकवलेली, म्हणजे वरच्याचं वजन खालच्याला जागेवर दाबून ठेवतं. प्रत्येक दगड किंचित पुढे कललेला, पाणी साचू नये म्हणून. बाजूला मोठे धोंडे रोवलेत, त्यांच्या फटींत लहान चिपा ठोकून बसवल्यात. काही दगडांवर छिन्नीच्या खुणा अजून ताज्या वाटतात. मध्येच एखादा आडवा दगड वाटेबाहेर तिरका निघतो, तो पावसाचं पाणी पायऱ्यांवरून न वाहता बाजूच्या गवतात जावं यासाठी. हा सगळा हिशोब नुसत्या नजरेने केलेला. चढताना धापा टाकत एकदा तरी थांबालच, तेव्हा या कामाकडे बघा. आपल्याकडे गडांवर डागडुजी करणाऱ्या दुर्गसंवर्धकांनी तर हे जरूर बघावं. सिमेंटचे ठोकळे न ओतता वाट कशी टिकवता येते याचा धडा इथे उघड्यावर मांडलेला आहे.

वाटेची सुरुवात रैनेच्या दक्षिणेला, राम्स्विकच्या बोगद्यापाशी. गाडी बोगद्याजवळ रस्त्याच्या कडेला लावायची नाही. तिथे जागा नाही, दंडही होतो आणि मोठ्या गाड्यांचा रस्ता अडतो. रैने गावात पैसे भरून गाडी लावायची सोय आहे, तिथे लावा आणि चालत या, वीस-पंचवीस मिनिटं लागतात. बोगद्यातून चालू नका. त्याच्या बाहेरून, समुद्राच्या कडेने जुना रस्ता जातो, पायी जाणाऱ्यांसाठी तोच. तिथूनच वाट डोंगराला भिडते. सुरुवातीला खुरट्या भूर्जांची झाडी आहे, थोड्या वेळात ती मागे पडते आणि मग पाठीशी समुद्र, समोर पायऱ्या.

आम्ही निघालो ते संध्याकाळी आठला. सकाळपासून माथा ढगात होता. नॉर्वेच्या हवामान खात्याच्या 'ईर' या ॲपवर रात्री आठनंतर आभाळ मोकळं दाखवत होतं आणि साडेसातला ढग खरंच फाटला. जूनमध्ये अंधाराची भीती नसल्याने असा निर्णय घेता येतो. दिवसा बसने येणारी गर्दी तोवर ओसरलेली असते हा दुसरा फायदा. मात्र फोटोसाठीच जाणाऱ्याने हे लक्षात घ्यावं: माथ्यावरून मुख्य देखावा उत्तरेकडे आहे. सकाळी उशिरा किंवा दुपारी गेलात तर सूर्य पाठीशी आणि फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेली खाडी, उजळलेला, रात्री गेलात तर सूर्य समोरच्या सुळक्यांकडे कललेला आणि खालचं गाव सावलीत. आम्हाला शांतता हवी होती, म्हणून रात्र बरी वाटली.

पायऱ्या उंच आहेत. काहींना गुडघा छातीकडे आणावा लागतो. वेग धरू नका, शंभर-शंभर पायऱ्यांचे टप्पे करा. ओल्या दगडावर पाय आडवा टाका. उतरणाऱ्याला थांबून वाट द्या, आणि पायरी सोडून कडेच्या गवतातून जाऊ नका. गवत निसटलं की खालची माती मोकळी होते आणि मग तीच दगड सोडते. वर दगड सुटल्याचा आवाज आला तर मोठ्याने ओरडून खालच्यांना सावध करा. वाटेत पाणी नाही, स्वच्छतागृह नाही. दोघांत दोन लिटर पाणी पुरलं. नेहमी चालणाऱ्याला वर पोचायला तास-सव्वा तास, सवय नसेल तर दीड ते दोन तास धरा. उतरताना मांड्या थरथरतात, चालायच्या काठ्या असतील तर न्या.

शेवटच्या पायरीवर पाऊल पडेपर्यंत पलीकडचं काहीच दिसत नाही. मग एकदम धार संपते आणि पायाखाली सरळ कडा. खाली रैनेवात्नेत हे तळं, त्याच्या पलीकडे जिभेसारख्या भूभागावर रैने गाव, तिथून पूल साक्रिसोयला, साक्रिसोयहून हाम्नोयला. डावीकडे रैनेफ्योर्ड बोटं पसरल्यासारखा डोंगरांत शिरलेला आणि त्याच्या मधोमध ऊलस्तिन्नचा टोकदार सुळका. मागे वळलात तर वेस्टफ्योर्डचं उघडं पाणी आणि हवा स्वच्छ असेल तर पलीकडच्या मुख्य भूमीवरच्या बर्फाळ डोंगरांची रांग. हे डोंगर ज्या खडकाचे आहेत तो पावणेदोन अब्ज वर्षांहून जुना. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण सहा-साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे यापुढे अगदीच तरुण. सुळक्यांचा आजचा आकार मात्र हिमनद्यांनी कोरलेला आहे.

वर सपाटी फार थोडी आहे. पायऱ्या संपल्यावर धारेवरून दोन्ही बाजूंना पायवाटा जाताना दिसतात. त्या बांधलेल्या नाहीत, काही ठिकाणी वाट फूटभर रुंद आणि एका बाजूला सरळ दरी आहे. पाऊस पडून गेला असेल, वारा असेल किंवा सोबत मुलं असतील तर पायऱ्या संपतात तिथेच बसा. देखाव्यात काडीचाही फरक पडत नाही. कड्याच्या टोकाला पाय सोडून फोटो काढायची रांग लागते. त्या रांगेत उभे राहू नका, एवढीच हात जोडून विनंती. नॉर्वेत डोंगरात जाणाऱ्यांसाठी नऊ नियम आहेत, शाळेतली मुलंही ते शिकतात. त्यातला एक सांगतो की वेळीच माघारी फिरा, माघारी फिरण्यात कसलीही लाज नाही. इथले अनुभवी लोक हा नियम खरोखर पाळतात. आमच्या पुढे चाललेलं एक स्थानिक जोडपं अर्ध्या वाटेवर वारा वाढल्याचं बघून शांतपणे परत फिरलं, आणि आम्हाला वाट देताना उद्या परत येऊ म्हणालं. वारा नंतर पडला म्हणून आम्ही वर गेलो, नाहीतर आम्हीही फिरलो असतो.

हिवाळ्यात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पायऱ्यांवर बर्फाची काच होते आणि उतारावरून हिमस्खलनाचा धोका असतो. त्या काळात हा डोंगर पर्यटकांसाठी नाही. मे महिन्यातही वरच्या टप्प्यात बर्फ आहे का याची गावात चौकशी करूनच निघा. रुग्णवाहिकेचा क्रमांक ११३, पोलीस ११२, फोनमध्ये घालून ठेवा.

आम्ही वर असताना आई रैनेच्या धक्क्यावर पायी फिरत होती. गाव छोटं आणि सपाट आहे, बाकं आहेत, दर वळणावर नवा डोंगर समोर येतो. दुसऱ्या दिवशी तिघेही ऑ गावी गेलो. तिथे मच्छीमार वस्तीचं संग्रहालय आहे. जुनी घरं, बोटींच्या शाकारलेल्या पडव्या, कॉड माशाच्या यकृताचं तेल काढायचा जुना कारखाना, सगळं जागच्या जागी जपलेलं. १८४४ पासूनची भट्टीची बेकरी आहे, दालचिनीचे गरम बन मिळतात. उन्हाळ्यातच चालू असते आणि बन लवकर संपतात, सकाळी जा.

आईला मात्र ओढ लागली ती वाळवणाची. गावाबाहेर लाकडी वाशांचे भलेमोठे मांडव उभे असतात आणि त्यांवर कॉड टांगलेला असतो. "अरे, ही तर वलांडीच!" म्हणत ती थेट त्याखाली जाऊन उभी राहिली. वर्सोव्याला बोंबील जसे जबड्यात जबडा अडकवून टांगतात तसेच इथे मासे दोन-दोन करून शेपटीला दोरीने बांधून वाशावर टाकतात. डोकं कापलेलं, पोट साफ केलेलं. मीठ लावतात का, हा आईचा पहिला प्रश्न. मीठ अजिबात नाही. जानेवारी ते एप्रिलमध्ये बॅरेंट्स समुद्रातला कॉड अंडी घालायला लोफोतेनला येतो, तेव्हा तो पकडायचा आणि फेब्रुवारीपासून टांगायचा. हवा शून्याच्या जरा वर राहते, म्हणून मासा गोठत नाही आणि सडतही नाही. माशी जागी व्हायच्या आत तो बराच वाळलेला असतो. जूनमध्ये काढतात तेव्हा त्यातलं बहुतेक पाणी उडालेलं असतं आणि एकावर एक आपटला तर लाकडासारखा वाजतो. आम्ही गेलो तेव्हा उतरवण्याचं काम चालू होतं. एका कामगाराने आईच्या हातात एक मासा दिला. तिने तो नाकाशी नेला, वाकवून पाहिला, पोटाच्या आतली बाजू बोटाने चाचपली आणि मान डोलावली. इथे मासा पारखणारा माणूस हेच करतो: वास, स्पर्श आणि नजर यांवरून वीसेक प्रती लावतो.

उत्तम प्रत इटलीला जाते. त्यामागे एक जुनी कथा आहे आणि ती खरी आहे. पिएत्रो क्वेरिनी हा व्हेनिसचा व्यापारी १४३१ मध्ये क्रीटहून फ्लँडर्सला निघाला, वादळात जहाज गमावलं आणि वाचलेली मंडळी १४३२ च्या जानेवारीत रोस्तजवळच्या बेटावर लागली. रोस्तच्या कोळ्यांनी त्यांना काही महिने घरात ठेवलं, खाऊपिऊ घातलं. परतताना त्यांनी सुका कॉड बरोबर नेला. कापलेली डोकी वेगळी वाळवतात, ती नायजेरियाला जातात, तिथल्या रश्शात त्यांना मान आहे. इथल्या शाळकरी मुलांचा पारंपरिक हक्क म्हणजे त्या डोक्यांतल्या जिभा कापून विकणं, त्यातून ती चांगले पैसे कमावतात.

वासाबद्दल आधीच सांगून ठेवतो. मांडवाच्या वाऱ्याच्या दिशेला मुक्काम असेल तर तो खोलीत येतो. आम्हा कोकणी माणसांना त्याचं काही नाही, पण सोबत कुणी शाकाहारी असेल तर खोली घेताना विचारून घ्या. शाकाहारींनी एकूणच तयारीने यावं. लेकनेसला मोठी दुकानं आहेत, तिथून डाळ, तांदूळ, भाज्या, दही भरून आणा. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. राहायला 'रोरबू' म्हणजे पूर्वी हंगामी कोळ्यांसाठी पाण्यावर खांब रोवून बांधलेल्या लाल खोल्या मिळतात, त्यांत बहुधा स्वयंपाकघर असतं. महाग आहेत आणि जून ते ऑगस्टसाठी कित्येक महिने आधी भरतात. मासे खाणाऱ्यांनी साक्रिसोयला थांबून फिशबर्गर खावा. पिवळ्या घरांचं ते छोटं बेट रैनेहून चालत गाठता येतं. पुढे हाम्नोयच्या पुलावरून लाल घरांचा आणि मागच्या कड्याचा तो प्रसिद्ध देखावा आहे. पुलावर गाड्या वेगाने जातात, पदपथावरच उभे राहा.

तंबूवाल्यांसाठी: १९५७ च्या कायद्याने नॉर्वेत मोकळ्या जमिनीवर कुणालाही फिरता-राहता येतं, जवळच्या घरापासून दीडशे मीटर दूर आणि एका जागी दोन रात्री. पण रैनेच्या आसपास बऱ्याच ठिकाणी तंबूला मनाई आहे, तशा पाट्या दिसतात, त्या पाळा. जमीन थोडी आणि पाहुणे फार अशी या गावांची गत झाली आहे. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर झाडीत किंवा झाडीजवळ आग पेटवायची नाही.

जास्तीचा दिवस मिळाला तर बुनेसचा समुद्रकिनारा सोडू नका. रैनेहून छोटी बोट फ्योर्डातून विन्स्ताला जाते, तिथून खिंड ओलांडून तासाभरात पलीकडच्या वाळूवर उतरता येतं. चढ सौम्य आहे, आईनेही अर्ध्यापर्यंत केला आणि खिंडीजवळच्या दगडावर बसून डबा खाल्ला. बोट आदल्या दिवशी विचारून ठरवा, तिकिटासाठी कार्ड चालतं. परतीची शेवटची बोट किती वाजता हे बोटवाल्याकडूनच ऐका आणि अर्धा तास आधी धक्क्यावर या. विन्स्ताला गाडीरस्ता नाही, त्यामुळे ती बोट हुकली तर रात्र तिथेच काढावी लागेल.